सुनेच्या हातचे दात

माणिकबाईंच्या वरच्या एका पुढच्या दाताला खालच्या कडेला खाच होती. ती जन्माची नव्हती. कंदील टांगून टांगून खुंटीला पडावी तशी ती चाळीस वर्षांत दोऱ्याने पाडली होती.

अमरावतीत भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांचा फुलांचा ओटा होता, बडनेऱ्याकडे दीड एकर मळा होता आणि शेषराव नावाचे नवरे होते, जे बहुधा या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर मोटारसायकलवर सापडत. ओट्यावर दोन तऱ्हेचे हार होत. देवाचा हार सुईने ओवायचा, कारण देवाला उष्टं चालत नाही. लग्नाचा हार गाठीचा. त्यात एक दोरा ताठ धरावा लागतो. त्याचं एक टोक गुडघ्याखाली दाबायचं, दुसरं दातात धरायचं आणि मोकळ्या राहिलेल्या दोन हातांनी दुसऱ्या दोऱ्याने त्याच्यावर शेवंती, गुलाब, दवणा आवळत न्यायचा. शेजारच्या ओट्यांवरच्या बायका हे दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरत. माणिकबाईंच्या सासूने ते कधी चालू दिलं नाही. जे माणसाच्या गळ्यात पडणार त्याला पाय लावायचा नाही. दातातलं वीतभर टोक शेवटी दातानेच तोडून फेकून द्यायचं, म्हणजे नवरा-नवरीच्या गळ्यात उष्टं जात नाही. घराण्याने विचार पुरता केला होता.

मग दात गेले. एकदम नाही. सरकारी कर्मचारी निवृत्त होतात तसे गेले. तारखा वेगवेगळ्या, पण जाणार हे नक्की. थोडी साखर होती, हिरड्या खराब होत्या. गेल्या उन्हाळ्यापर्यंत पाच उरले होते आणि त्यांत खाचेचा दात होता. तो हलायचा, पण दोरा सोडायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं, नितेशचं, लग्न जमलं. नितेश अकोल्यात बँकेत. मुलगी प्रणाली, दातांची डॉक्टर, जठारपेठेत स्वतःचा दवाखाना. तिचे वडील भगवंतराव चांदूर रेल्वेकडची काळी जमीन बटाईने देऊन मुलांच्या शिक्षणासाठी अकोल्यात आले होते. शिक्षण संपलं तरी परत गेले नव्हते. आवाज मात्र अजून शेताच्या मापाचा होता. साक्षगंधाच्या दिवशी, सगळ्या सोयऱ्यांसमोर, ते उभे राहून म्हणाले,

"अन् ईनबाईचे दात आमची प्रणालीच करून देईन! एक रुपया नाई घेणार!"

टाळ्या पडल्या. ईनबाई, म्हणजे विहीणबाई माणिकबाई, तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण टाळ्या पडल्यावर विचारायचं काही उरतही नाही. कवळी करायची म्हणजे माणसं चार डॉक्टर पाहतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तोंड उघडून बघतात, मग ठरवतात. इथे डॉक्टर आधी ठरला आणि दात त्याच्यामागून आले. आणि हा डॉक्टर असा, की ज्याच्याकडे तक्रार करायची सोय नाही. कारण डिसेंबरात तो सून होऊन घरात येणार होता.

पहिल्या दिवशी प्रणालीने फॉर्म काढला.

"आई, तंबाखू?"

"नाई वं बाई."

"मशेरी?"

"पह्यले. आता नाई."

"सुपारी?"

"पंगतीत."

"पेन, पेन्सिल, नखं चावायची सवय?"

माणिकबाईंनी शेषरावांकडे पाहिलं. "नाई."

"दातांची आणखी काही सवय?"

"नाई."

दोरा धरणं ही सवय नव्हती, काम होतं. फॉर्मवर कामाचाही रकाना होता. त्यात नितेशने आधीच 'गृहिणी' लिहून ठेवलं होतं.

प्रणाली चांगली मुलगी होती. तिने घाई केली नाही. हाडात स्क्रू बसवून पक्के दात होतात, पण साखर आटोक्यात हवी, हाड पुरेसं हवं आणि सहा महिने हाताशी हवेत, हे तिने एक्स-रे दाखवून सांगितलं. लग्न त्याआधी येत होतं. म्हणून काढता-घालता येणारी पूर्ण कवळी, वरची आणि खालची. उरलेले पाच काढायचे, हिरड्या भरायला तीन महिने द्यायचे, मग मापं.

"वरची टाळूला चिकटून बसते. खालची थोडी हलते, ती जिभेनं सांभाळायची सवय लागते. आई, हे दात तुमच्या जुन्या दातांसारखे नाहीत. त्यांना शिकावं लागतं."

"शिकीन ना मी," माणिकबाई म्हणाल्या. सोयऱ्यांच्या घरी काहीही पुढ्यात आलं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.

जुलैत पाच दात निघाले. स्टीलच्या ताटलीत ते पडलेले पाहून माणिकबाईंनी एक मागून घेतला.

"कशाला, आई?"

"असू दे."

रुमालाच्या टोकाला गाठ मारून तो दात त्यांनी कमरेला खोवला. गाडीत शेषराव म्हणाले, "आता त्याची पूजा करतं का?" माणिकबाईंच्या तोंडात कापूस होता.

तीन महिने वरणात बुडवलेल्या भाकरीवर गेले. त्या काळात लग्नाची तिथी नव्हती, म्हणून ओट्यावर फक्त देवांचे हार होते आणि देवांना सुई चालत होती. ऑक्टोबरात मापं झाली. मेणात लावलेले दात तोंडात घालून पाहिले. रंग ठरवायला प्रणालीने दातांची पट्टी पुढे केली तेव्हा शेषरावांनी टोकाच्या दातावर बोट ठेवलं.

"हा द्या. निशिगंधावानी आहे."

"बाबा, हा रंग कोणाच्याच तोंडात नसतो."

"मंग पट्टीत काहून ठेवला?"

"लोकांनी हा मागितला की दुसरा द्यायला."

शेवटी किंचित पिवळसर, वयाला शोभणारा रंग ठरला. माणिकबाई आरशात पाहत राहिल्या. सगळे दात एका ओळीत, एका उंचीचे, गुळगुळीत. कडेला कुठे काही नाही. त्यांनी अंगठ्याने पुढचा दात चाचपला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागे भगवंतराव खुर्ची ओढून बसले होते आणि व्याह्यांना, शेषरावांना, म्हणत होते, "पायलं का इवाई? मशीनमधून काढल्यावानी!" माणिकबाईंनी मेणाचे दात काढून सुनेच्या हातात दिले.

नोव्हेंबरच्या मध्याला दात घरी आले. त्यांच्यासोबत एक कागद आला. तो शेषरावांनी देवाच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला, कारण त्या भिंतीवरच्या गोष्टी घरात पाळल्या जात. जेवल्यावर दात काढून खळखळून धुवावे. घासायला मऊ ब्रश आणि साधा साबण, मंजन नको, त्याने ओरखडे पडतात. घासताना खाली पाणी भरलेलं भांडं ठेवावं, हातातून निसटले तर फुटू नयेत. गरम पाणी नको, वाकडे होतात. रात्री काढून थंड पाण्यात ठेवावे, हिरड्यांनाही विश्रांती लागते. टोचलं तर दाखवायला यावं, घरी घासू-कापू नये. बोलायला सराव म्हणून रोज मोठ्याने वाचावं.

माणिकबाई रोज पेपर मोठ्याने वाचू लागल्या. पेपरात त्यांना वाचण्यासारखं निधनवार्तांचं पानच वाटे. शेजारी लोकांना दोन दिवस कळेना, की या घरात एवढी माणसं कुठली वारली.

रात्री वाटीतल्या पाण्यात दात असत आणि शेजारच्या बादलीत निशिगंध. त्या घरात जे जे दुसऱ्या दिवशी ताजं दिसायला हवं ते पाण्यात ठेवायची रीतच होती.

दिवसाआड भगवंतरावांचा व्हिडिओ कॉल येई.

"ईनबाई, हसा! आमचे साळे आले आहे, त्यांले पायाचे आहे."

माणिकबाई हसत.

"थोडं मोठ्यानं हसा. मांगचेही दिसले पाह्यजे."

माणिकबाई मागचेही दाखवत. डाव्या बाजूला खालच्या हिरडीवर एक टोचणारी जागा झाली होती. बोलताना तिथे काटा लागल्यासारखं होई. "कसे बसले?" या प्रश्नाला त्या म्हणत, "मस्त बसले." प्रणालीने फोनवर विचारलं, तिलाही तेच सांगितलं. सुनेच्या हातचं पहिलं काहीतरी घरात आलं होतं. ते गोड आहे असंच म्हणायचं असतं. खीर असती तर निदान एका दिवसात संपली असती.

नोव्हेंबरच्या शेवटी लग्नाच्या हारांची पहिली ऑर्डर आली. दुपारी ओट्यावर बसून माणिकबाईंनी गुडघ्याखाली दोरा दाबला, दुसरं टोक दातात धरलं, ताणलं आणि पहिली शेवंती उचलली. तेवढ्यात टाळूशी चप् असा आवाज झाला, मागची बाजू सुटली आणि वरची कवळी दोऱ्यासकट बाहेर येऊन शेवंतीच्या ढिगावर पडली. ती पडली तीही हसतच होती.

गिऱ्हाईक बाई दोन पावलं मागे सरकली. माणिकबाईंनी कवळीवर पटकन फुलं ओढली आणि पदराआडून म्हणाल्या, "चार वाजता येजो वं बाई."

ते हार शेवटी शेजारच्या ओट्यावरून अंगठ्यात धरून केलेले आणून दिले.  घरी चुलीपाशी बसल्यावर माणिकबाई म्हणाल्या,

"नितेशच्या लग्नाचा हार कोण करीन?"

शेषराव पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

त्या घरात आजवर एकाही लग्नाला बाहेरचा हार आला नव्हता. सासूने माणिकबाईंचा केला होता, माणिकबाईंनी नणंदांचे, पुतण्यांचे, भाच्यांचे केले होते. सोयऱ्यांत ते इतकं माहीत होतं, की अंतरपाट खाली आला की बायका नवरीआधी हार पाहत. आता स्वतःच्या मुलाच्या लग्नात हार बाजारचा आला, तर विचारतील. विचारलं, तर सांगावं लागेल की नव्या दातांत दोरा राहत नाही. मग जे वाक्य तयार होईल ते माणिकबाईंना आत्ताच, शब्दाशब्दाने, ऐकू येत होतं: सुनेनं दिलेले दात सासूले बसले नाई. हे वाक्य चांदूर रेल्वेला पोचायला रेल्वेचीही गरज नव्हती.

"नितेशले सांगतं का?" शेषरावांनी विचारलं.

"तो तिले सांगीन. मंग तिले वाटीन का मी नाव ठेवून राहिली."

"मंग आपणच काई करू."

'आपणच काही करू' हे शेषरावांचं वाक्य त्या घरात सगळ्यांना घाबरवायचं. मळ्यातली मोटार त्यांनी याच वाक्यानंतर दोनदा जाळली होती.

आधी त्यांनी ओट्याच्या फळीला खिळा ठोकला. दोऱ्याचं टोक खिळ्याला बांधून माणिकबाईंनी हार केला. गाठी बसल्या, पण हार दांड्यासारखा ताठ झाला. गळ्यात घातला तर छातीपासून वीतभर पुढे उभा राहिला.

"बैलाच्या गळ्यातलं लोढणं दिसते," शेषराव म्हणाले. ते खरं बोलत, म्हणूनच त्यांच्याशी कोणी फारसं बोलत नसे.

"खिळा ढील देत नाई ना," माणिकबाई म्हणाल्या. "फूल आवळताना दात जरासा सोडते, मंग पुना धरते. खिळ्याले काय कळते, केवढं सोडायचं?"

"मंग सुईनं ओव."

"सुईचा हार देवाले, नाईतर पुढाऱ्याले. पोराले घालू का?"

पायाच्या अंगठ्याचं नाव कोणी काढलं नाही. सासूचा फोटो समोरच होता.

मग शेषरावांना विचार सुचला. तो पूर्ण तर्काला धरून होता, म्हणून जास्त धोक्याचा होता. जुन्या दाताला खाच होती आणि दोरा राहत होता. नव्याला खाच नाही आणि दोरा राहत नाही. त्यांनी माणिकबाईंच्या रुमालाची गाठ सोडून तो जुना दात काढला, डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि विळ्याला धार लावायची कानस शोधू लागले.

"अवो, कागदावर लिवलं आहे ना, घरी घासू-कापू नये म्हणून!"

"हाव, घासू नये, कापू नये. खाच पाडू नये असं कुठी लिवलं?"

माणिकबाईंनी कागद पुन्हा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. घड्या घातलेल्या टॉवेलवर वरची कवळी ठेवून शेषरावांनी नमुन्याबरहुकूम पुढच्या दाताला खाच पाडली. पिवळसर-पांढरा भुसा टॉवेलवर पडत होता. माणिकबाई दाराला कडी लावून उभ्या होत्या, जणू घरात कोणाचा तरी खून चालला होता आणि त्या राखण करत होत्या.

खाच चांगली झाली. जुन्यापेक्षा जरा खोल. माणिकबाईंनी दात घातले, दोरा लावला. दोरा खाचेत नीट बसला. एक गाठ, दुसरी, तिसरी. चौथ्या गाठीला मागची बाजू पुन्हा सुटली आणि कवळी पुन्हा खाली आली. फरक एवढाच, की आता ती दोऱ्याला लटकून राहिली. उचलताना दिसलं, दोन पुढच्या दातांच्या मधून वर हिरडीच्या गुलाबी भागापर्यंत केसासारखी एक रेघ गेली होती.

"ही पह्यलेपासून होती काय?" शेषरावांनी विचारलं.

माणिकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चाळीस वर्षांचा संसार होता आणि दोनदा जळलेली मोटारही होती.

लग्नाला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी प्रणालीचा फोन आला, "आई, लग्नाआधी एकदा तपासून घेऊ, उद्या या." माणिकबाई म्हणाल्या, काम आहे. तासाभराने भगवंतरावांचा फोन आला, "ईनबाई, मीच येतो न्यायले." म्हणून मग स्वतःहून बडनेऱ्याहून गाडी पकडावी लागली. अकोल्यापर्यंत माणिकबाईंनी तोंड उघडलं नाही. खाचेच्या टोकाने ओठ आतून कापला होता, आणि त्यांना वाटत होतं, जोरात बोललं तर ती रेघ वाढेल.

दवाखान्यात भगवंतराव होतेच. सोबत त्यांचे कोणी ओळखीचे होते, त्यांना दाढ काढायची होती. "भेऊ नका," ते त्यांना सांगत होते, "आता पाहा, आमच्या ईनबाईचे दात पाहा."

"बाबा, तुम्ही बाहेर बसा," प्रणाली म्हणाली आणि दार लावलं. मग दिवा ओढून म्हणाली, "आ करा, आई."

माणिकबाईंनी आ केला.

 वरची कवळी प्रणालीने अलगद काढली, दिव्यासमोर धरली, खाचेवर बोट फिरवलं. रेघ पाहिली. मग खालची काढली आणि हिरडीवरची लाल जागा पाहिली. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की माणिकबाईंना कवळी पडली त्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"हे किती दिवसांपासून टोचतंय?"

दात बाहेर होते. माणिकबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "पह्यल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही मला मस्त बसले म्हणालात."

माणिकबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"आणि ही खाच?"

आता शेषरावांना पुढे येणं भाग होतं. "म्या पाडली," ते म्हणाले. "कानशीनं. पण नमुना पाहून पाडली."

त्यांनी खिशातून रुमाल काढून नमुना टेबलावर ठेवला. प्रणालीने तो दात उचलला. स्वतःच काढलेला दात तिने ओळखला. त्याची खाच अंगठ्याने चाचपली, मग कवळीची चाचपली. मग खुर्ची ओढून माणिकबाईंसमोर बसली. "मला सगळं सांगा."

माणिकबाईंनी सांगितलं. दोरा, गुडघा, सासू, खिळा, लोढणं, शेवंतीवर पडलेली कवळी. सांगताना मध्येच त्यांचे हात हवेत गाठी मारू लागले.

"मी विचारलं होतं ना, दातांची काही सवय आहे का म्हणून," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता.

"तू सवयी इचारल्या. हे तं काम आहे."

प्रणालीने फाइल उघडली. 'गृहिणी' वाचलं. ज्याने ते लिहिलं होतं त्याच्याशी आठ दिवसांनी तिचं लग्न होतं. तिने पेन काढून तो शब्द खोडला आणि वर काहीतरी लिहिलं. मग खरं काय ते सांगितलं. ही कवळी मागे टाळूच्या चिकटण्यावर उभी असते. पुढून ओढलं की मागची हवा सुटते आणि ती खाली येते. खाच पाडा, नाही तर सोन्याने मढवा. पक्के दात लावले तरी त्यांत दोरा धरू नये. आणि ते या आठ दिवसांत होणार नाहीत.

"मी रेघ बुजवून देते, टोचणारी जागा कमी करते. पण दोरा नाही, आई. यात दोरा नाही राहणार." मग ती म्हणाली, "हार इथूनच आणू ना. इतके फुलवाले आहेत अकोल्यात."

"हाव," माणिकबाई म्हणाल्या. "आणू."

दोन तासांनी दुरुस्त झालेले दात मिळाले. खाच भरून निघाली होती. कडा पुन्हा गुळगुळीत. हिरडीवरचा काटा गेला होता. माणिकबाईंनी जीभ फिरवली. कवळी खरोखरच मस्त बसली होती, आणि आता तसं म्हणायची वेळ आली तर कोणी विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी मंगल कार्यालयातल्या मागच्या खोलीत माणिकबाई घमेलं घेऊन बसल्या होत्या. अकोल्याच्या फुलवाल्याचे दोन हार सकाळीच आले होते. सुईचे होते, मोठे, चकचकीत कागद लावलेले. ते खुर्चीवर ठेवले होते. माणिकबाईंनी मळ्यातून आणलेली शेवंती तरीही भिजवली होती आणि शेषरावांनी, कार्यालयाच्या भिंतींना खिळे ठोकू नयेत अशा पाटीखाली, खिडकीच्या चौकटीला खिळा ठोकला होता. चार वेळा माणिकबाईंनी वीतभर हार केला आणि चार वेळा उसवला. बाहेर बायका येऊन जात होत्या. एक म्हणाली, "काऊन वं माणिके, हार झाला नाई अजून?" माणिकबाई म्हणाल्या, "होऊन राहिला." हातातली फुलं मलूल पडू लागली होती. खुर्चीवरचे हार मात्र तसेच ताजे दिसत होते. त्यांच्यावर काहीतरी फवारलेलं असावं.

दार ढकलून प्रणाली आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, पुढे धरलेले, झोपेत चालणाऱ्यासारखे. कोपराने दार लावून ती माणिकबाईंसमोर बसली. खुर्चीवरचे हार पाहिले, खिळा पाहिला, उसवलेला दोरा पाहिला.

"किती लांब लागेल?" तिने विचारलं.

"काय?"

"दोरा."

माणिकबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तशा त्या घाबरल्या. "नाई वं पोरी. नवरीनं आपला हार करू नये."

"मी कुठे करतेय? हाताला मेंदी आहे. तोंड मोकळं आहे." आणि पुढे वाकून तिने खिळ्याला बांधलेलं दोऱ्याचं टोक दाखवलं, "हे सोडा."

"दाताले नको लावू बाई, खाच पडते."

"एका हारानं नाही पडत. चाळीस वर्षं लागतात." तिने आ केला.

माणिकबाईंनी टोक सोडलं. एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या तोंडात दोरा दिलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. दाताने दोरा धरू-तोडू नये असं चित्र ज्या डॉक्टरने दवाखान्याच्या भिंतीवर स्वतः लावलं होतं, तिने तो पुढच्या दातांत धरला.

"असा नाई. जरा उजवीकडं. हाव. आता ताण. एवढा नाई. मी आवळली का थोडी ढील देजो, मान नाई हलवायची, जबड्यानंच. दे. धर. दे. धर."

पहिल्या चार गाठींत दोनदा दोरा सुटला. पाचवीला सुटला नाही. वीतभर झाल्यावर माणिकबाईंचे हात मागचा वेग आठवू लागले. शेवंती, शेवंती, गुलाब, दवणा. "दे. धर." प्रणाली बोलू शकत नव्हती. तासभर सासू बोलत राहिली आणि सून गप्प ऐकत राहिली. पुढे हा योग त्या घरात पुन्हा आला नाही.

मध्येच भगवंतराव दार उघडून आले. लेकीच्या तोंडातून निघालेला दोरा ईनबाईंच्या गुडघ्याखाली गेलेला पाहून ते जागीच थांबले.

"अवं प्रणाली! डॉक्टर ना तू? दातानं काय करून राहिली हे?"

प्रणालीने डोळे मोठे केले. उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

"इवाई, दार लावा, फुलं सुकते," माणिकबाई म्हणाल्या. भगवंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं ऐकून दार लावलं. त्यांचा चेहरा आठवून प्रणालीला हसू फुटलं, दोरा ढिला पडला, आणि त्या क्षणी माणिकबाई तीन गाठी मारत होत्या.

दुसरा हारही झाला. शेवटची गाठ आवळून माणिकबाई सवयीने दोरा तोडायला पुढे वाकल्या, ओठ दोऱ्याला लागेपर्यंत गेल्या आणि थांबल्या. प्रणालीने जबडा सोडला, चोळला. म्हणाली, "धरायला दात चालले. तोडायला कात्री." कात्री कुठे आहे हे तिला माहीत होतं, खुर्चीवरच्या हारांच्या चकचकीत कागदाला खोचलेली होती.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट खाली आला. बायकांनी आधी हार पाहिले आणि मग नवरी. भगवंतराव पहिल्या रांगेत पाहुण्यांना सांगत होते, "ईनबाईकडं पाहा, ईनबाईकडं, हसून राहिल्या पाहा." माणिकबाई हसत होत्या. कवळी घट्ट होती. पण त्यांचे डोळे नितेशच्या छातीवर, डाव्या बाजूला, गुलाबाच्या खाली खिळले होते. तिथे तीन गाठी सैल होत्या, हे त्या मांडवात दोघींनाच माहीत होतं. नितेश वाकला की तिथली शेवंती पुढे झुकायची. सप्तपदीला तो सात पावलं चालला आणि सातही पावलांना माणिकबाईंचा हात नकळत पुढे झाला. पंगत उठेपर्यंत त्यांनी त्या तीन फुलांवरून नजर काढली नाही.